पहिला गेमिंग पीसी: यादी घरी पक्की करा, मग लॅमिंग्टन रोड गाठा

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात शिरून ‘गेमिंगसाठी पीसी हवाय, बजेट कमी आहे’ एवढंच म्हणून बघा. दोन मिनिटांत व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी हातात पडते: आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. खाली एक आकडा आणि पुढे बारीक अक्षरात ‘प्लस जीएसटी’, म्हणजे वर १८ टक्के.

या चिठ्ठीत खोटं काहीच नसतं, आणि तिच्यावरून कळतही काही नाही. २०१२ चा आय५-३४७० हा आय५च, आणि २०२२ चा आय५-१२४००एफ हाही आय५च. पहिल्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसतसुद्धा नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ४ जीबी ग्राफिक कार्ड म्हणजे जीटी ७३० असू शकतं. ते २०१४ चं कार्ड आजही नव्या खोक्यात विकायला असतं आणि नव्या गेमपुढे पहिल्याच मिनिटाला बसकण मारतं. ५०० वॅट हा एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा आकडा; त्याची गंमत पुढे सांगतो.

तेव्हा पीसी घ्यायचा म्हणजे मुख्यतः यादी करायची. प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, घरी बसून लिहून काढायचं. यात एक संध्याकाळ जाते आणि बरेच हजार वाचतात. बाजारभाव मी इथे देत नाही. सध्या ते इतक्या वेगाने हलतायत की आज लिहिलेला आकडा महिन्याभरात तुम्हाला चुकीच्या दुकानात नेऊन सोडेल.

आधी पडदा ठरवा

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, गेम दिसणार कशावर आणि खेळणार कुठले, ते आधी ठरवा. पहिल्या पीसीला १०८०पी (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा) पुरेसं आहे. १४४०पी च्या पडद्यावर जवळपास पावणेदोन पट पिक्सेल असतात, आणि ते सगळे रंगवायचं काम तुमच्या कार्डाच्या बोकांडी बसतं. २४ इंची, आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग टिकणारं), १०० हर्ट्झच्या पुढचा, म्हणजे सेकंदाला शंभरपेक्षा जास्त वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घ्या. २७ इंचांवर १०८०पी जवळून बसलं की ठिपके ठिपके दिसतं. मॉनिटरला पैसे उरत नसतील तर पहिले काही महिने घरातल्या टीव्हीला एचडीएमआय लावून चालवा. ‘गेम मोड’ चालू केला की बरंच सुसह्य होतं, फक्त मालिकांच्या वेळेची वाटाघाटी आईशी तुमची तुम्ही करा.

आता गेम. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असल्या गेममध्ये कार्डापेक्षा प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये कार्डाचा. दोन्ही प्रकार खेळायचे असतील (बहुतेकांना असतातच) तर मॉनिटर सोडून हाताशी ६० हजार आहेत असं धरू. त्यातले २२ ते २५ हजार कार्डाला, १५ ते १८ हजार प्रोसेसर आणि बोर्ड (मदरबोर्ड) मिळून, ७ ते ८ हजार एसएमपीएस आणि कॅबिनेटला, आणि उरलेले रॅम-एसएसडीला. ही वाटणी ढोबळ आहे. पण कार्डाला १२ हजार आणि दिव्यांच्या पंख्यांना ५ हजार असं दिसलं, तर यादी पुन्हा करा.

ग्राफिक्स कार्ड

इथे एका अक्षराने किंवा एका आकड्याने माणूस फसतो. सगळ्यांत ठळक उदाहरण आरटीएक्स ३०५०. या नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत. ८ जीबीचं कार्ड २५६० कोरचं (कोर म्हणजे कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग), १३० वॅट खाणारं. २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं कार्ड २३०४ कोरचं, ७० वॅटचं, आणि त्याची मेमरी बस, म्हणजे मेमरीपर्यंतची वाट, हीही अरुंद. नुसती मेमरी २ जीबीने कमी, असं समजून कुणी ते घेतं आणि गेममध्ये चांगलाच फरक दिसतो. तेच ६ जीबीचं कार्ड एका कामाला मात्र उत्तम: ऑफिसमधून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये, जिथे एसएमपीएसमधून कार्डासाठी वेगळी वायरच येत नाही. त्याच्या बहुतेक मॉडेलना ती लागत नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. ४ जीबी मेमरी, व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी लागणारा एन्कोडर नाही, आणि बोर्डाशी बोलायला पीसीआयईच्या फक्त ४ लेन. जुन्या, जेन ३ च्या (पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या) बोर्डावर त्याचा जीव आणखी घुसमटतो. नव्याने घेताना मी ८ जीबीच्या खाली उतरणार नाही. आरएक्स ६६०० हे २०२१ चं कार्ड अजून कमी बजेटचा आधार आहे: ८ जीबी, १३२ वॅट, एकच आठ पिनी वायर. साठा आटत चाललाय, पण ठीक भावात मिळालं तर डोळे झाकून घ्या. त्याच्या वर आरटीएक्स ४०६०, आरएक्स ७६००, नवी आरटीएक्स ५०५० आणि ५०६०. यांच्यात निवडताना कुठल्या कंपनीचं कार्ड (आरटीएक्स एनव्हिडियाचं, आरएक्स एएमडीचं), यापेक्षा त्या आठवड्यात भावात किती फरक आहे हे पाहा. एनव्हिडियाचं डीएलएसएस (कमी पिक्सेल रंगवून चित्र एआयने मोठं करायची सोय) जास्त गेममध्ये आणि जास्त चांगलं चालतं. व्हिडिओ एडिटिंग किंवा ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी कामही करणार असाल तर एनव्हिडियाला थोडे जास्त देणं पटण्यासारखं आहे. नुसतं खेळायचं असेल तर जे स्वस्त ते.

इंटेलचं आर्क बी५८० कागदावर मोहात पाडतं, कारण १२ जीबी मेमरी. पण त्याला बोर्डात रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू असावं लागतं, आणि जुन्या किंवा हलक्या प्रोसेसरसोबत ते कमी पडतं. पुढे सांगितलेल्या रायझन ५ ५६०० सोबतही काही गेममध्ये हे दिसून आलंय. पहिल्या पीसीला मी ते सुचवणार नाही.

तीन पंख्यांचं महागडं मॉडेल घेऊ नका. ११५ ते १३० वॅटच्या कार्डाला दोन पंखे भरपूर झाले. वरचे दोन-तीन हजार एसएसडीला लावा.

प्रोसेसर आणि बोर्ड एकत्रच ठरतात

दोन वाटा आहेत. पहिली स्वस्त आणि मुरलेली: एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), डीडीआर४ म्हणजे चौथ्या पिढीची रॅम. त्यात रायझन ५ ५६०० घ्या: ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॅट, आणि खोक्यातच कूलर. नाव नीट वाचा. ५६००जी मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, पण कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) निम्मा, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआयई जेन ३. ५५०० चंही तसंच, वर ग्राफिक्सही नाही. म्हणजे आज कार्ड घ्यायला पैसे नाहीत, सहा-आठ महिन्यांनी घेईन, तोवर हलके गेम खेळेन असा बेत असेल तर ५६००जी. कार्ड आजच घेताय तर ५६००. दुकानदार म्हणेल, ‘एकच आहे’. एकच नाही.

इंटेलकडे या भावात आय५-१२४००एफ, त्याच्या खाली आय३-१२१००एफ. शेवटच्या एफचा अर्थ, आत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं तर पडदा काळाच राहणार. १२१००एफ ला कोर फक्त ४, पण बजेट फारच ताणलेलं असेल आणि मुख्यतः व्हॅलोरंटच खेळायचा असेल तर वाईट नाही. इंटेलच्या या बोर्डांमध्ये डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे येतात. बोर्ड एकाचा आणि रॅम दुसऱ्याची आणली तर खाचच जुळत नाही, आणि परत लॅमिंग्टन रोडची फेरी.

दुसरी वाट एएम५: डीडीआर५, रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००. ही महाग, पण याच सॉकेटवर एएमडी २०२७ पर्यंत आणि पुढेही प्रोसेसर काढणार आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत प्रोसेसर बदलण्याचा खरंच विचार असेल तर ही वाट. नसेल तर ‘भविष्यासाठी’ म्हणून आज कार्डात काटछाट करू नका. भविष्याच्या नावाखाली घेतलेला बोर्ड बऱ्याच घरांत तसाच म्हातारा होतो.

बोर्डावर उधळपट्टी नको. ५६०० ला बी५५० चांगला, ए५२० चालतो. ए५२० वर पीसीआयई जेन ३ च मिळतं, पण आरएक्स ६६०० सारख्या ८ लेनच्या कार्डाला त्याने फार फरक पडत नाही. बी४५० स्वस्तात दिसला तर एक प्रश्न विचारा: ५००० सिरीजसाठी बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून देणार का? नसेल तर नवा प्रोसेसर त्या बोर्डावर सुरूच होणार नाही. प्रोसेसरच्या आजूबाजूच्या पॉवरच्या भागावर धातूचा हीटसिंक (उष्णता ओढणारा तुकडा) आहे का, तेवढं फोटोत पाहून घ्या.

रॅम: सध्याचं दुखणं

दोन वर्षांपूर्वी रॅमवर दोन ओळींत आटपलं असतं. २०२५ च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा पुरवठा ओढून घेतला आणि काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. डीडीआर४ चं उत्पादन कंपन्या आधीच आवरतं घेत होत्या, त्यामुळे ‘जुनी म्हणून स्वस्त’ हा हिशेबही बिघडला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशिअल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कमी बजेटवाल्यांचा तो नेहमीचा आधार होता.

करायचं काय? १६ जीबीच्या खाली जाऊ नका. ८ जीबीवर नवे गेम अडखळतात. ८-८ च्या दोन काड्या एका १६ पेक्षा वेगवान, कारण ड्युअल चॅनल, म्हणजे माहिती एकाच वेळी दोन वाटांनी जाते. ५६००जी वर कार्डाशिवाय चालवणार असाल तर दोन काड्यांना पर्याय नाही, कारण आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. पण बोर्डाला दोनच खाचा असतील आणि पुढे ३२ करायचंय, तर वेगळं कार्ड असलेल्या पीसीत आज एकच १६ ची काडी आणि भाव उतरल्यावर दुसरी, हेही शहाणपणाचं. डीडीआर४ मध्ये ३२०० मेगाहर्ट्झ, डीडीआर५ मध्ये ५६०० किंवा ६०००. दिव्यांची रॅम नको.

वापरलेली रॅम घ्यायला मी कचरत नाही. रॅम सहसा चालते किंवा बंद पडते, अधलंमधलं कमीच. मेमटेस्ट८६ या तपासणीच्या प्रोग्रामची एक फेरी लावून बघितली की निकाल लागतो. जुना प्रोसेसर, जुनं कॅबिनेट, हेही घ्या. जुना एसएमपीएस आणि जुनी एसएसडी मात्र नको. जुनं कार्ड घ्यायचं तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, समोर पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून, आणि जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडून कार्डाचं खरं नाव तपासून. बायोस बदलून जुन्या कार्डाला नव्याचं नाव चिकटवलेले नमुने फिरत असतात. जीपीयू-झेड बऱ्याचदा अशा कार्डापुढे ‘बनावट’ असा शिक्का दाखवतं.

एसएसडी

एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी), १ टीबी. ५१२ मध्ये विंडोज आणि तीन मोठे गेम बसले की जागेची रड सुरू. जेन ३ आणि जेन ४ यांचा फरक गेममध्ये हाताला लागत नाही, त्यामुळे स्वस्त पडेल ते. नाव माहीत असलेल्या कंपनीचं, पाच वर्षांच्या वॉरंटीचं घ्या.

एसएमपीएस: पुठ्ठ्याचं खोकं वाचू नका, लेबल वाचा

चिठ्ठीवरच्या ‘५०० वॅट’कडे परत येऊ. दुकानात एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूचं लेबल बघा. तिथे एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. तुमचा प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून बाकीचे रकाने सोडून तोच आकडा पाहा. स्वस्त डब्यावर तिथे १८ अँपिअर लिहिलेलं असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. बाहेर ५०० छापलेल्या डब्यात कामाचे २१६. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर तिथे ४० च्या वर, बहुतेकदा ४५ च्या आसपास अँपिअर असतात. ४५ म्हणजे ५४० वॅट.

आता गरज किती ते बघा. आरएक्स ६६०० चे १३२, रायझन ५६०० चे जोर लावल्यावर ८० च्या आसपास, बोर्ड-पंखे-एसएसडीचे ५० धरा. अडीचशे-पावणेतीनशेत गणित मिटतं. ५५० वॅटचा चांगला डबा पुढचं कार्डसुद्धा सांभाळेल. ७५० घ्यायची गरज नाही, आणि २१६ वाला फुकट मिळाला तरी नको. तो जाताना बोर्डाला सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का किती वीज वाया जाते ते सांगतो, डबा किती सुरक्षित ते नाही. तरी शिक्काच नसलेल्या डब्यापेक्षा शिक्क्यावाला बरा, आणि पाच वर्षांची वॉरंटी देणारा त्याहून बरा.

यूपीएस हवा का? मुंबई शहरात वीज क्वचित जाते. १२ ऑक्टोबर २०२० सारखा, मुंबईभर वीज गेलेला दिवस विरळाच, आणि त्या दिवशी यूपीएसनेही काही साधलं नसतं. वसई, बदलापूर, कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांचं वेगळं. घेणार असाल तर ६०० व्हीएचा नको, तो साधारण ३६० वॅटच देतो आणि मॉनिटर जोडल्यावर गेमच्या मध्यात धाप टाकतो. १००० व्हीए किंवा वर.

कॅबिनेट आणि मुंबईची हवा

पुढच्या बाजूला काच असलेलं कॅबिनेट फोटोत देखणं दिसतं. मुंबईत मे महिन्यात खोलीचं तापमान ३३-३४ असताना त्या काचेतून हवा येणार कुठून? बाहेरच्या हवेपेक्षा थंड कुठलाच पंखा करू शकत नाही. त्यामुळे पुढून जाळी, पुढे दोन पंखे आत खेचणारे, मागे एक बाहेर टाकणारा, आणि निघणारं धूळगाळणं. खोक्यातला कूलर ५६०० ला पुरतो. पाण्याचा कूलर या बजेटात शोभेचा आहे.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. लादी पुसताना पाणी शिरतं, धूळ तर रोजचीच. छोटा स्टूल चालेल. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि कॅबिनेटात बसणारी लांबी, दोन्ही आकडे जुळवून घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर पीसी उघड्या खिडकीखाली नको. खारी हवा कनेक्टरना गंज आणते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा दोन दिवसांआड चालू केलेला बरा.

दुकानात

रविवारी जाऊ नका, लॅमिंग्टन रोडवर बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी गर्दीत कुणी नीट बोलत नाही. सुट्टी टाकून मंगळवार-बुधवारी सकाळी उशिरा जा. निघण्याआधी दोन-तीन ऑनलाइन दुकानांतले भाव यादीसमोर लिहून घ्या. सगळी यादी एकाच दुकानात दाखवून एकूण भाव मागा, आणि मग तीच दुसरीकडे. विचारायचं ते ‘सगळं धरून, जीएसटीसकट किती?’ असंच. क्रेडिट कार्डाने पैसे दिले तर वरचे दोन टक्के मागणारी दुकानं अजून आहेत, म्हणून पैसे कसे देणार तेही आधीच बोला.

घोळ होतो तो यादीतला एखादा पार्ट नसतो तेव्हा. ‘अरे बॉस, वो स्टॉक में नहीं है, ये ले लो, सेम ही है.’ बहुतेकदा बदलली जाणारी वस्तू असते एसएमपीएस नाहीतर बोर्ड, कारण गिऱ्हाईक तिथे बघत नाही. म्हणून यादीत प्रत्येक पार्टपुढे दुसरी पसंतीही घरूनच लिहून न्या. दोन्ही नसतील तर तेवढा पार्ट सोडून द्या, बाजूच्या गाळ्यात मिळेल.

बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त पडेल असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. वॉरंटीचा सगळा खेळ बिलावर चालतो. बिलावर पार्टचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर असायला हवा, आणि तो खोक्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. परदेशातून आडमार्गाने आलेला माल स्वस्त असतो, पण त्याची वॉरंटी इथले वितरक मानत नाहीत. ‘वॉरंटी आमची’ असं दुकानदार म्हणत असेल तर ती दुकान उघडं आहे तोपर्यंतची.

जोडणी दुकानात करून घ्यायची की घरी? पहिलाच असेल तर थोडे पैसे देऊन दुकानात, पण समोर उभं राहून. सगळी खोकी उघडताना तुमच्या देखत उघडू द्या. जोडल्यावर बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा आकडा वाचा. ‘विंडोज टाकून देतो’ याला नम्रपणे नकार द्या. क्रॅक टाकलेल्या विंडोजसोबत काय काय येतं ते तुम्हाला दिसत नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवून घरी टाकता येतं.

घरी आल्यावर, त्याच दिवशी

मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टात लावा, बोर्डाच्या नाही. हे वाचून हसू येईल, पण ‘नवं कार्ड चालत नाही’ म्हणणाऱ्यांत हे कारण नेहमी सापडतं. चार खाचांच्या बोर्डावर दोन काड्या असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का पाहा. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ नाहीतर २६६६ वरच चालत राहते. तिथेच सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू आहे का बघा. विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्यांच्याशिवाय उघडत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून मॉनिटरच्या पूर्ण आकड्यावर न्या.

मग जड गेम तासभर चालवा आणि तापमानावर नजर ठेवा. कार्ड ८० च्या आत, प्रोसेसर ८५ च्या आत राहिला तर मुंबईच्या उन्हाळ्याला ठीक. पीसी मध्येच रीस्टार्ट झाला, पडद्यावर ठिपके आले किंवा पंखा घरघरला, तर आठवडाभर वाट पाहू नका. पहिल्या काही दिवसांत दुकानदार बऱ्याचदा पार्ट थेट बदलून देतो; ती मुदत किती दिवसांची, हे बिल करतानाच विचारून त्यावर लिहून घेतलेलं असू द्या. त्यानंतर तोच पार्ट सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जातो आणि परत यायला आठवडे लागतात. तोपर्यंत खोकी, थर्माकोल आणि आतल्या पिशव्यासुद्धा माळ्यावर टाका, रद्दीवाल्याला देऊ नका.